हिरवी खूण दिसते, मग मेल कुठाय?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात देवगडच्या मित्राचा फोन आला. हा हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. वेबसाइटवर ऑर्डर, ऑनलाइन पैसे, मग ईमेलने पावती आणि पेटी कुठल्या गाडीने निघाली त्याची माहिती, असा त्याचा शिरस्ता. "अरे, लोकांचे पैसे कापले जातायत आणि त्यांना मेल मिळत नाहीयेत. पुण्याच्या एका बाईंनी तर मला फ्रॉड ठरवलंय."

त्याचे मेल एका ईमेल सेवेमार्फत जातात. मी त्याला त्या सेवेचं पॅनल उघडायला लावलं. त्या बाईंच्या नावापुढे हिरवी खूण होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘डिलिव्हर्ड’. सेवा म्हणते पोहोचला, बाई म्हणतात आला नाही. गंमत अशी की दोघंही खरंच बोलत होते.

ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातो तो एसएमटीपी नावाच्या रीतीने. तिची मूळ नियमावली १९८२ सालची आहे आणि गाभा अजून तोच. पाठवणारा सर्व्हर समोरच्याचं दार वाजवतो, कोण आहे ते सांगतो, कोणासाठी आलोय ते सांगतो आणि मजकूर देतो. समोरच्याने घेतला तर तो २५० हा आकडा सांगतो. हिरवी खूण म्हणजे हा २५०. त्यापलीकडे काही नाही.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने तुमचं पाकीट घेतलं, वहीत सही केली, कुरिअरवाला निघून गेला. त्याच्या लेखी काम झालं. पुढे ते पाकीट तुमच्या टेबलावर येतं की लिफ्टजवळच्या कचऱ्याच्या डब्यात जातं, हे त्याला दिसत नाही. जीमेल, याहू, आउटलुक यांचे वॉचमन असेच आहेत. दारात घेतात आणि आत नेऊन ठरवतात: इनबॉक्स, प्रमोशन्सचा कप्पा की स्पॅम. पाठवणाऱ्याला ते सांगत नाहीत. सांगितलं तर स्पॅमवाल्यांना आयतीच शिकवणी मिळेल. त्यामुळे कुठल्याही सेवेच्या जाहिरातीत ‘९९ टक्के डिलिव्हरी’ दिसली तर ती फाटकापर्यंतची समजावी. रजिस्टर एडीची ती गुलाबी पोचपावती ईमेलला कधी नव्हतीच. (आता टपाल खात्यानेही २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलंय, ते वेगळं.)

त्या बाईंची पावती स्पॅममध्ये पडली होती. प्रश्न असा, की का? आणि मेल पाठवणारी सेवा निवडताना काय बघायचं?

पैसे नक्की कशाचे देतो?

छोट्या धंद्यात सुरुवात बहुधा स्वतःच्या जीमेलवरून होते. पण ते खातं माणसाने माणसाला लिहिण्यासाठी आहे. फुकटच्या जीमेलवरून दिवसाला ५०० आणि पैसे भरून घेतलेल्या गूगल वर्कस्पेसवरून २००० पर्यंतच मेल जातात. त्यापुढे खातं काही काळ गप्प बसतं, तेही नेमकं ऑर्डरींच्या गर्दीत. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचा मेल सर्व्हर. तांत्रिक हौस असलेल्या प्रत्येकाला एकदा तरी हा मोह होतो, मलाही झाला होता. बहुतेक मोठ्या क्लाउड कंपन्या मेलचा २५ नंबरचा पोर्ट (मेल बाहेर पडायचं दार) मुळातच बंद ठेवतात. तो उघडून घेतला तरी तुमच्या आयपी पत्त्याला (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नंबराला) कोणी ओळखत नाही, आणि अनोळखी माणसाकडे वॉचमन कसा बघतो ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून मधली सेवा घ्यायची. ॲमेझॉनची एसईएस, सेंडग्रिड, मेलगन, पोस्टमार्क, ब्रेव्हो, चेन्नईच्या झोहोची झेप्टोमेल, मुंबईची नेटकोअर अशी बरीच नावं आहेत. तुमचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे मेल सोपवतं आणि त्या तो योग्य दारी नेतात. दार बंद असेल तर रांगेत ठेवून पुन्हा जातात, परत आलेल्यांची नोंद ठेवतात.

दराची तुलना लोक फार करतात. एसईएसचा मूळ दर हजार मेलना १० सेंट आहे. म्हणजे दहा हजार पावत्या एका डॉलरमध्ये. आमचा देवगडकर सगळ्या हंगामात इतक्या पावत्या पाठवत नाही. मेल नेऊन टाकण्याचं काम इतकं स्वस्त झालंय की पाच-पन्नास रुपयांच्या फरकावर सेवा निवडणं म्हणजे आंबा न बघता पेटीच्या गवतावर भाव करणं. खरे पैसे मोजायचे ते शेजारासाठी.

शेजार

छोट्या गिऱ्हाइकाला सेवा आपणहून स्वतंत्र आयपी पत्ता देत नाही. एकाच पत्त्यावरून शेकडो धंद्यांचे मेल निघतात. तुमची पावती, कुणाचा ओटीपी, कुणाची ‘आजच कर्ज मिळवा’वाली जाहिरात, सगळे एकाच गाडीतून. समोरचा वॉचमन गाडीचा नंबर लक्षात ठेवतो. त्या गाडीतून कालपर्यंत कचरा येत असेल तर आज तुमच्या पावतीलाही तो कचऱ्याच्या डब्याजवळच ठेवतो.

गाड्यांचे नंबर लक्षात ठेवणाऱ्या संस्थाही आहेत. १९९८ साली सुरू झालेली स्पॅमहाउस ही त्यातली सगळ्यात वजनदार. तिच्या यादीत पत्ता गेला की जगभरचे सर्व्हर फाटकावरूनच हाकलतात. ही यादी भरते कशी, तर बऱ्याचदा सापळ्यांनी. काही ईमेल पत्ते असे असतात की ते कोणी कधी वापरलेच नाहीत, किंवा मालकाने सोडून वर्षं झाली. अशा पत्त्यावर कोणी स्वतःहून नाव नोंदवणं शक्यच नाही. तिथे मेल आला याचा अर्थ पाठवणाऱ्याने यादी कुठून तरी उचलली आहे. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तेव्हा सेवा निवडताना माझा पहिला प्रश्न ‘तुम्ही मला काय देता?’ हा नसतो. ‘तुम्ही बाकीच्यांना कधी हाकलता?’ हा असतो. याचं उत्तर आकड्यांत मिळालं पाहिजे. एसईएसचे आकडे उघड आहेत. परत येणाऱ्या मेलचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खात्याची चौकशी सुरू होते आणि १० टक्क्यांवर पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. ‘हे स्पॅम आहे’ असं बटण दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.१ टक्का झालं की चौकशी, ०.५ वर थांबवण्याची पाळी. नवीन खातं तर आधी ‘सँडबॉक्स’मध्ये, म्हणजे चाचणीच्या कुंपणातच ठेवतात, २४ तासांत २०० मेल, तेही स्वतः पडताळलेल्या पत्त्यांनाच. बाहेर पडायचं तर अर्ज करून सांगावं लागतं की काय पाठवणार, कोणाला, आणि ते पत्ते मिळाले कुठून. पोस्टमार्कवालेही नवीन खातं माणसाच्या नजरेखालून घालतात.

लोकांना याचा राग येतो. "पैसे द्यायला तयार आहे तरी वकिली प्रश्न विचारतात." पण जी सेवा तुम्हाला पाच मिनिटांत, एकही प्रश्न न विचारता आत घेते, तिने तुमच्या शेजाऱ्यालाही तसंच घेतलेलं असतं. घर भाड्याने घेताना वरच्या मजल्यावर कोण राहतं ते आपण विचारतोच की.

मग स्वतंत्र आयपी का घेऊ नये? एसईएसवर तो महिना सुमारे २५ डॉलरला मिळतो, फार महाग नाही. अडचण अशी की नवा पत्ता तापवावा लागतो. आज थोडे, उद्या थोडे जास्त, असं काही आठवडे वाढवत नेल्यावर मोठे मेलवाले त्याच्यावर भरवसा ठेवतात, आणि पुढेही रोजचा रतीब चालू राहावा लागतो. आंब्याच्या धंद्यात आठ महिने सामसूम आणि मग एकदम रांग. दर वर्षी पाडव्याला हा पत्ता नव्यानेच गावात आलेला असणार. हंगामी धंद्याला चांगल्या शेजारातली सामायिक जागाच बरी. रोज हजारोंनी मेल पाठवणाऱ्या बँकेचं किंवा मोठ्या दुकानाचं गणित वेगळं.

तीन कागद

शेजार चांगला मिळाला तरी स्वतःची ओळख स्वतःलाच दाखवावी लागते. १९८२ च्या रीतीत एक मोठं भोक होतं. पाठवणारा ‘मी अमुक’ म्हणाला की समोरचा मान्य करायचा. नंतर तीन कागद आले. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या (म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या) नोंदीत लावलेली यादी: माझ्या नावाने मेल आणायला हे सर्व्हर अधिकृत आहेत. डीकेआयएम म्हणजे मजकुरावर मारलेला शिक्का. वाटेत एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे मालकाने वॉचमनला दिलेली सूचना, की हे दोन्ही फसले तर पाकिटाचं काय करायचं: आत घ्यायचं, बाजूला ठेवायचं की परत पाठवायचं.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे कागद मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना सक्तीचे केले. जीमेलच्या हिशोबात दिवसाला ५००० म्हणजे मोठं प्रमाण. मे २०२५ पासून आउटलुकनेही तोच ५००० चा आकडा धरून तसेच नियम आणले. ‘आपण कुठे पाच हजार पाठवतो’ म्हणून सुटू नका. कागद नसलेल्या छोट्याकडेही संशयानेच बघतात, आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी जीमेल सगळ्यांकडूनच मागतं.

सेवा निवडण्याशी याचा संबंध आहे तो असा. काही सेवा, विशेषतः त्यांच्या फुकट योजना, तुमच्या मेलवर स्वतःचाच शिक्का मारतात. पाकिटाच्या आतल्या पत्रावर तुमचं नाव आणि बाहेर शिक्का दुसऱ्याचा. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, तरी डीमार्क नापास, कारण ही दोन नावं एकमेकांशी जुळायला हवीत. म्हणून विचारायचं: डीकेआयएमचा शिक्का माझ्या डोमेनचा लागेल ना? बाउन्स, म्हणजे न पोहोचलेला मेल, परत येण्याचा पत्ता माझ्या सबडोमेनवर (डोमेनखालच्या उपनावावर) ठेवता येईल ना? दोन्हीला ‘हो’ नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आणि दुकानाचा पत्ता जीमेल.कॉमचा ठेवून तो भलत्याच सेवेतून पाठवणं तर आजच बंद करा. याहूने २०१४ मध्येच आपल्या नावाने बाहेरून येणारे मेल नाकारायची सूचना लावली. जीमेलनेही २०२४ च्या नियमांत आमचं नाव लावून बाहेरून पाठवू नका असं बजावलंय. स्वतःचं डोमेन वर्षाला हजार-बाराशे रुपयांत मिळतं. फक्त ते तुमच्या नावावर असू द्या. आपल्याकडे निम्म्या दुकानांच्या डोमेनचा पासवर्ड वेबसाइट करून देणाऱ्या मुलाकडे असतो, तो मुलगा आता बंगळुरूला नोकरीला असतो, आणि हे तीन कागद लावायची वेळ आली की सगळे त्याचा नंबर शोधत बसतात.

एक बारीक गोष्ट. एसपीएफची नोंद तपासताना समोरच्याला जास्तीत जास्त १० वेळा डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या इंटरनेटवरच्या वहीत) शोधायची मुभा असते. प्रत्येक नवीन सेवा ‘ही एक ओळ वाढवा’ म्हणते. चार सेवा चाखून बघितल्या आणि जुन्या ओळी काढल्या नाहीत तर मर्यादा ओलांडते आणि अख्खी यादी बाद होते. सोडलेल्या सेवेची ओळ त्याच दिवशी पुसा.

पावतीच्या गाडीत जाहिरात बसवू नका

पावती, ओटीपी, ‘पेटी निघाली’ हे मेल माणूस वाट बघत उघडतो. ‘या हंगामात १० टक्के सूट’ हा मेल तो बऱ्याचदा कपाळाला आठ्या घालून बघतो आणि कधी स्पॅमचं बटण दाबतो. जीमेल हे बटण मोजतं. त्याचं म्हणणं, प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ ला कधीच टेकू देऊ नका. म्हणजे हजारात तीन माणसं चिडली की तुम्ही काळ्या रेघेवर. आणि हे तीन जण जाहिरातीवर चिडलेले असले तरी एकाच नावाने पाठवत असाल तर शिक्षा पावतीलाही होते.

म्हणून दोन्हींसाठी वेगळी सबडोमेनं आणि वेगळ्या वाहिन्या ठेवता येतील अशी सेवा घ्यावी. जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव कमी करण्याची सोयही २०२४ पासून मोठ्या पाठवणाऱ्यांना बंधनकारक आहे, आणि नाव दोन दिवसांत कमी झालं पाहिजे. ती सोय सेवेनेच परस्पर लावून दिली तर उत्तम. लोकांना जायची वाट सापडली नाही की ते स्पॅमचं बटण दाबूनच जातात.

मेल किती जणांनी उघडला, हा आकडा मात्र बघत बसू नका. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, वापरणाऱ्याने गोपनीयतेची सोय चालू केली असेल तर, मेलमधली चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवतं. मग न वाचलेला मेलही वाचलेला दिसतो.

मराठीत पाठवताय?

मग आणखी एक परीक्षा घ्या, आणि ती सेवेच्या विक्रेत्याकडून नाही, स्वतः घ्या. मेलची विषयओळ जुन्या नियमांनी फक्त रोमन अक्षरांसाठी होती. देवनागरी त्यातून न्यायची तर ती आकडे-अक्षरांच्या सांकेतिक तुकड्यांत बांधावी लागते, आणि एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा चालत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा वेगळी धरून, तीन बाइट (संगणकातल्या जागेचं माप) खातं. हिशोब केला तर एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हं बसतात. ‘तुमची हापूसची पेटी देवगडहून निघाली’ एवढी विषयओळ म्हणजे दोनाहून जास्त तुकडे. नियम असा की तुकडा अक्षराच्या सीमेवरच पडायला हवा. पण दोन शब्दांमधली मोकळी जागा एकाच बाइटची असते. तिने हिशोब सरकतो आणि निष्काळजी प्रोग्राम तीन बाइटांच्या अक्षराचे मधूनच दोन भाग करतो. मग गिऱ्हाइकाला ‘पेटी’च्या जागी काळे चौकोनी हिरे दिसतात. छोट्या इंग्रजी विषयावर हे कधीच उघडं पडत नाही. तेव्हा चाचणीला लांबलचक मराठी ओळच घ्या, जोडाक्षरं भरपूर असलेली.

याच तीन बाइटांचा दुसरा फटका लांबीला बसतो. जीमेल सुमारे १०२ केबीच्या पुढचा मेल कापून ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी लिंक लावतं. मराठी मजकूर तिथे इंग्रजीपेक्षा लवकर पोहोचतो, त्यात डिझाइनच्या साच्याचं वजन वेगळंच. कापलं जातं ते शेपूट, आणि शेपटातच ‘नाव कमी करा’ची लिंक असते. पुढे काय होतं ते वर आलंच आहे.

एक संध्याकाळ चाचणीला द्या

फुकटच्या योजनेवर खातं काढा. जीमेल, याहू, आउटलुक आणि रेडिफमेलवर स्वतःचे पत्ते ठेवा आणि खरी दिसणारी पावती पाठवा. ‘टेस्ट टेस्ट’ लिहिलेला मेल पाठवून काही कळत नाही. जीमेलमध्ये तीन ठिपक्यांखाली ‘शो ओरिजिनल’ आहे. तिथे वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क पास की नापास ते दिसतं आणि मेल किती सेकंदांत आला तेही. हे सेकंद संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, गर्दीत मोजा. समोरचा सर्व्हर ‘आत्ता नको, नंतर ये’ म्हणाला (४ ने सुरू होणारे आकडे) तर नियमाप्रमाणे चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवायचे असतात. पावतीला ते ठीक, पण दहा मिनिटांत शिळा होणारा ओटीपी उद्या सकाळी पोहोचून काय उपयोग? पहिला पुन्हा-प्रयत्न किती वेळाने होतो, ते विचारून घ्या.

मग मुद्दाम एका नसलेल्या पत्त्यावर पाठवा आणि सेवेचा लॉग (नोंदवही) उघडा. मला वाटतं सेवेची सगळ्यात खरी ओळख इथे पटते. चांगल्या सेवेत समोरच्या सर्व्हरचं उत्तर शब्दशः दिसतं: ५५०, असं खातं अस्तित्वात नाही. वाईट सेवेत नुसतं ‘फेल्ड’ दिसतं. गिऱ्हाइकाने घाईत पत्ता चुकवलाय, त्याचा मेलबॉक्स भरलाय, की तुमच्या नावाला नकार मिळालाय, या तीन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत आणि ‘फेल्ड’ या शब्दातून तिन्ही सारख्याच दिसतात. असा कायमचा बाउन्स झालेला पत्ता सेवेने आपोआप ‘यापुढे पाठवू नये’च्या यादीत टाकला पाहिजे, आणि चुकून गेलेला पत्ता तुम्हाला स्वतः बाहेर काढता आला पाहिजे.

ती यादी फाइलमध्ये उतरवून घेता येते का, तेही त्याच संध्याकाळी बघा. सेवा बदलायची वेळ येते. २०१६ मध्ये मॅन्ड्रिल ही लोकप्रिय सेवा मेलचिंप या तिच्या मालक कंपनीच्या पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांपुरतीच ठेवायचं ठरलं आणि अनेकांना ठराविक मुदतीत बिऱ्हाड हलवावं लागलं. कायद्याच्या बाजूने एवढंच: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात गिऱ्हाइकाच्या माहितीची जबाबदारी धंद्याच्या मालकावरच राहते, काम बाहेरच्या सेवेला दिलं तरी.

देवगडला आम्ही सेवा बदलली. नव्या सेवेने अर्जात विचारलं: मागच्या वर्षभरात या डोमेनवरून काय पाठवलंत, आणि पत्ते कुठून मिळाले? मित्र टाइप करता करता थांबला. मग म्हणाला, "एक आहे. जानेवारीत एकाने एक्सेल दिली होती. पुण्यातले आठ हजार चांगले गिऱ्हाईक म्हणाला. त्यांना मी हंगामाचा मेल टाकला होता, आहे त्याच खात्यातून."

इतके दिवस आम्ही जुन्या सेवेच्या नावाने बोटं मोडत होतो, की त्यांनी कसले शेजारी गोळा केलेत.

एक्सेल त्याने माझ्यासमोर पुसली. नवीन खात्यातून पहिला मेल गेला तो मागच्या वर्षी पेटी घेतलेल्या सहाशे जणांनाच, तोही शंभर-शंभर करत. पुण्याच्या बाईंना त्याने पावती व्हॉट्सॲपवर पाठवली आणि वर फोन केला.